झावळीचे एकोणीस क्रॉस

राखेच्या बुधवारच्या आदल्या दुपारी ताई परसात पत्र्याच्या डब्यापुढे उकिडवी बसून झावळीचे वाळके क्रॉस मोडत होती, आणि मोडता मोडता एकेका घराचा उद्धार करत होती. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येकाला झावळीच्या पातीचा दुमडलेला क्रॉस मिळे. तो वर्षभर घरात लावायचा आणि पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर परत द्यायचा, म्हणजे ते सगळे जाळून त्यांची राख बुधवारी कपाळाला लावता येते... इतकी साधी गोष्ट! पण लोकांना ती जमेल तर शपथ. एकीने क्रॉससोबत जुनं कॅलेंडर आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्याही हातात ठेवल्या होत्या, जाळतेच आहेस तर हेही जाळ म्हणून. दुसरीचा फ्रिजमागे पडला होता, तर फ्रिज ताईलाच सरकवावा लागला. आणि तिसरा, चांगला शिकलासवरलेला डॉक्टर, दारातूनच म्हणाला होता, "आमचा असू दे ना, घराला शोभा येते."

चर्चच्या पाठभिंतीला लागून असलेल्या या तीन खोल्यांत तिची एकोणपन्नास वर्षं गेली होती. वडील चर्चचे किल्लीवाले. दारं उघडणं, घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं नि विझवणं हे त्यांनी पन्नास वर्षं केलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात थरथरत म्हणून ते सगळं ताई करत होती, फक्त किल्लीवाले अजून तेच होते. शिवाय वेदीवरची वस्त्रं तिचीच. नाताळआधीच्या आगमनकाळाचं जांभळं, नाताळचं पांढरं, मग उपवासकाळात पुन्हा जांभळं, ईस्टरला पुन्हा पांढरं, एका रविवारपुरतं लाल आणि उरलेलं सगळं वर्ष हिरवं... असं वर्षानुवर्षं तिच्या शिवणयंत्राखालून जात होतं आणि लोक फादरना सांगत होते की यंदा वेदी फार सुरेख दिसते हो.

डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. विकतची राख आणू म्हटलं तर बाबा ऐकणारे नव्हते. लोकांच्या घरातलं काहीतरी जळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बाबांचा स्वतःचा क्रॉस घ्यायला ती घरात गेली. तो आईच्या तसबिरीमागे खोचलेला असे, आणि एरवी बाबा स्वतःच काढून देत. तिने तसबीर खिळ्यावरून काढली, आणि तिच्यामागच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिला बुटाच्या जुन्या नाडीने बांधलेला एक जुडगा दिसला.

एकोणीस क्रॉस! प्रत्येकावर पेन्सिलीने वर्ष घातलेलं, आणि वर्षाखाली बाबांच्या अक्षरात एकच शब्द: 'बाळाचा.'

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी, त्याने धर्मगुरू व्हावं म्हणून बाबांनी सगळं ठरवलं असताना, तो जहाजावर नोकरी धरून निघून गेला होता. नाताळला चार ओळींचं कार्ड आणि पत्त्याच्या जागी दरवेळी वेगळं बंदर. आणि बाबा दरवर्षी टोपलीतून एकाऐवजी दोन क्रॉस उचलत, तेव्हा म्हातारपणी माणसाला हाव सुटते असं समजून ती डोळेझाक करत आली होती... तर ती हाव नव्हती!

तिने कोनाडा पुन्हा चाचपला. मग आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं झाडली, बाबांच्या कोटाचे खिसे उलटे केले, औषधांच्या डब्याखालीसुद्धा पाहिलं. आपल्या नावाचा एकही क्रॉस नाही. तिचा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेला असे, आणि तो दरवर्षी तीच काढून तीच जाळी. धाकटा जन्मला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्याआधी बाबा तिला ठकी म्हणत. तो आला आणि ती सगळ्यांची ताई झाली, बापाचीसुद्धा. त्या दिवसापासून त्या घरात ताईसाठी काही ठेवावं लागत नव्हतं, कारण ताई होतीच.

तिने तसबीर परत खिळ्याला अडकवली. शिवणयंत्राच्या खणात आठ दिवसांपूर्वी आलेलं एक पत्र होतं. दूरच्या शहरातल्या मठात सिस्टर लोकांचा शिवणवर्ग होता. तिथे मुलींना वेदीवस्त्रांचं भरतकाम शिकवायला मठाच्या प्रमुख मदरनी तिला बोलावलं होतं. तिसाव्या वर्षीही बोलावलं होतं. तेव्हा तिची बॅग भरून तयार होती, आणि त्याच आठवड्यात धाकटा निघून गेला. घरातून एका वेळी एकच जण जाऊ शकत होतं, आणि तो आधी उठला. तिने बॅग रिकामी केली आणि बाबांना सांगितलं की सिस्टरना दुसरी कोणी मिळाली. आता मदरनी कुणाकडून तरी लिहवलं होतं, 'माझे डोळे गेले. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ये, नाहीतर ही खुर्ची मी दुसरीला देते. तिसऱ्यांदा विचारायला मी बहुतेक नसेन.'

ताईने तो जुडगा परसात नेला, नाडी सोडली आणि एकोणीसच्या एकोणीस क्रॉस डब्यात टाकून काडी लावली. जुनी पाती, भुरकन पेटली. मलमलीतून गाळल्यावर अशी काळीभोर, मऊ राख निघाली की इतक्या वर्षांत निघाली नव्हती. ती तेलात कालवायची असते. पाण्यात कालवली तर कपाळ भाजतं. एक क्षण तिच्या मनात पाणी येऊन गेलं, पण तिने तेलच घेतलं.

बुधवारी संध्याकाळी चर्च भरलं होतं. एकट्या फादरना उरकेना म्हणून दुसरी वाटी ताईच्या हातात होती. एकेक कपाळ पुढे येई, ती अंगठा बुडवून क्रॉस काढी आणि म्हणे, "तू माती आहेस, आणि मातीला मिळशील." पन्नास-साठ कपाळांनंतर माणूस चेहरे बघत नाही. मग एक उन्हाने रापलेलं, भुवईवर जुनी खोक असलेलं कपाळ समोर आलं, आणि तिचा अंगठा वाटीतच राहिला. ती खोक तिच्यामुळेच पडली होती, त्याला झोपाळ्यावर बसवून जोरात ढकलल्यामुळे.

धाकटा उभा होता, हातात चाक तुटलेली सुटकेस घेऊन.

"ताई," तो पुटपुटला.

"तू माती आहेस," ताई दात आवळून म्हणाली, आणि तिने ती राख त्याच्या कपाळावर अशी दाबून भरली की भुवईपर्यंत ओघळ आला. "आणि मातीला मिळशील. पुढे सरक, मागे लोक उभे आहेत."

घरी बाबांनी त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. शेजारची आत्या, बाबांची बहीण, पदर डोळ्यांना लावत आली. पोराला परत ये म्हणून जहाज कंपनीच्या पत्त्यावर बाबांच्या वतीने पत्रं धाडण्याचा उद्योग तिचाच होता, हे तेव्हा कळलं. आणि ज्या बाबांनी पन्नास वर्षांत राखेच्या बुधवारी एका वेळेपलीकडे घास घेतला नव्हता, ते म्हणाले, "ताई, बाळासाठी काहीतरी चांगलं कर. दमून आलाय."

"आज उपास आहे, बाबा."

"आपल्याला आहे. तो प्रवासातून आलाय."

"आणि त्याला झोपायला शिवणाची खोली दे," आत्या खुर्चीतून म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर आत्याने. "यंत्र बोळात राहील. तुझं काय गं, तू कुठेही शिवशील."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! ताईने अंडी फोडली, त्यातल्या एकाचं कवच भांड्यात पडलं, ते तिने मुद्दाम काढलं नाही. मग वाढायच्या आधी काढलं. जहाजावरच्या कामात त्याची पाठ कायमची गेली होती, असं जेवताना समजलं. खुर्चीवरून उठताना तो हात टेकून उठत होता, आणि त्याच्यावर धड चिडताही येईना म्हणून ती आणखी चिडली.

तीन दिवसांनी ती पापनिवेदनाला गेली. फादर तिशीचे, नवे. तिने क्रॉस जाळल्याचं सांगितलं.

"पण क्रॉस जाळणं हे तर तुमचं कामच आहे, ताई," फादर जाळीपलीकडून गोंधळून म्हणाले. "पाप नेमकं कोणतं?"

"रागाने जाळले."

"राख चांगली झाली होती."

ताईने कपाळाला हात लावला. या घरात न्याय नाही म्हणून देवाच्या दारी यावं, तर तिथे पाप पटवून देण्यातच वेळ जायचा! शेवटी फादरनी तिला सांगितलं की या उपवासकाळात तिने कुरकुर सोडावी. श्वास सोडा म्हणाले असते तर सोपं गेलं असतं, पण तिने मान डोलावली.

आणि तिने ती खरोखरच सोडली. धाकटा मोरीत गुडघाभर शेव्हिंगचा फेस करून ठेवी, ती गप्प. सकाळची घंटा तो वेळेवर वाजवीन म्हणाला आणि साडेसहाची पावणेसातला वाजली, ती गप्प. बाबा आणि तो दुपारभर बंदरांच्या गोष्टी सांगत हसत, आणि ती बोळात यंत्रावर जांभळं कापड शिवत बसे, येणारा-जाणारा तिच्या खुर्चीला अडखळे आणि म्हणे, "इथे काय बसलीस?" तरीही गप्प. आठवड्याभरात घराची घडी विस्कटली. गॅस संपला, कारण तो संपत आल्याची कुरकुर कुणी केली नव्हती. बाबांची रक्तदाबाची गोळी दोनदा चुकली. इतकी वर्षं हे घर तिच्या कुरकुरीवर चालत होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईला बरं नाही का, एवढंच आत्याने विचारलं.

चौथ्या रविवारी प्रवचनात घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचा दाखला होता. तो परत येतो, बाप धावत जातो, मेजवानी होते, आणि शेतात राबणारा थोरला बाहेर अंगणात फुगून उभा राहतो. आत्याने अख्खं प्रवचनभर ताईकडे बघत उसासे टाकले. फादरनी बापाच्या मायेवर अर्धा तास घेतला, त्या थोरल्यावर दोन वाक्यं. मेजवानीची भांडी कोणी घासली, त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुपारी जेवणं झाली. बाबांचं अंतःकरण भरून आलं होतं. ते उठले, आईच्या तसबिरीपाशी गेले. "बाळ, तुला एक दाखवायचंय. तुला वाटलं असेल बाप विसरला..." त्यांचा हात कोनाड्यात गेला, फिरला, पुन्हा फिरला. "अरे... इथे होते. ताई, इथे एक जुडगा होता."

ताई टेबल पुसत होती. ती थांबली नाही.

"मी जाळला," ती म्हणाली.

"जाळला?"

"राख कमी पडत होती."

बाबांनी तसबीर खुर्चीवर ठेवली. "एकोणीस वर्षं ठेवले होते गं मी... आणि तू विचारलंसुद्धा नाहीस?"

"कुणाला विचारू? मला कुणी काही सांगतं या घरात?" टेबल पुसून कोरडं झालं होतं, तरी तिचा हात चालूच होता. "मी सगळीकडे शोधलं, बाबा. कोनाड्यात शोधलं, तुमच्या खिशांत शोधलं. म्हटलं एखादा तरी माझ्या नावाचा असेल. एकोणीस वर्षांत एक. एखाद्या वर्षी चुकून घेतला असेल."

बाबांना खरोखरच कळलं नाही. ते निष्पापपणे म्हणाले, "तुझा कशाला ठेवायचा? तो नव्हता म्हणून त्याचा ठेवला. तू आहेसच की."

आणि पंचवीस दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"आहेच!" ती म्हणाली, आणि फडकं बादलीत आपटलं. "परसातला नळ आहे, तशी मी आहे. पाणी येतंय तोवर त्याच्याकडे कोण बघतं? माणसाने निघून जावं, बाबा. एकोणीस वर्षं जावं, पाठ मोडून परत यावं, म्हणजे त्याच्यासाठी अंडीही होतात आणि क्रॉसही ठेवले जातात. मी गेले नाही, हीच माझी चूक. जायला मला येत नव्हतं असं नाही..."

ती एकदम थांबली. पुढचं वाक्य तिने एकोणीस वर्षं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. धाकट्याने ते उच्चारलं.

"हिला बोलावणं होतं, बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी गेलो त्याच आठवड्यात. दुसरी मिळाली वगैरे खोटं होतं. आत्ताही आलंय, ईस्टरनंतर बोलावलंय. काल कात्री शोधताना पत्र सापडलं मला, तेव्हा हिनेच नाही म्हटलं होतं असं आहे त्यात. ताई, वाचायला नको होतं, चुकलो."

"कात्री वरच्या खणात असते," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. डोळ्यांतून धारा लागल्या, त्या पुसायला तिच्याकडे बादलीतलं फडकं सोडून काही नव्हतं.

आत्याने तोंड उघडलं, तसा बाबांनी तिला थांब म्हणून हात दाखवला. त्या घरात आत्याला हात दाखवला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"खोटं बोललीस माझ्याशी?"

"हो."

"आणि मला ते खरं वाटलं," बाबा म्हणाले. "मी खोदून विचारलंसुद्धा नाही. खरं वाटून घेणं सोयीचं होतं म्हणून." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. खिडकीतून लांब बघत राहिलो, आणि पाठीमागे कोण भांडी घासतंय ते..." मग त्यांनी विचारलं, "ते क्रॉस... त्यांची राख कुठे गेली?"

"माझ्या कपाळावर," धाकटा भुवईला हात लावत म्हणाला. "दोन दिवस निघत नव्हती. बरीचशी हिने मलाच लावली."

बाबांच्या ओठांवर रडता रडता काहीतरी हललं. "म्हणजे पोचले एकदाचे," ते म्हणाले. मग ताईकडे वळून, "लिहून टाक त्या मदरना. येते म्हणून."

"आणि इथे कोण बघणार? हा? साडेसहाची घंटा पावणेसातला वाजवतो हा."

"वाजवू दे. लोक पावणेसातलाच येतात."

ताईने उत्तर लिहिलं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. उरलेले दिवस तिने धाकट्याला एकेक गोष्ट शिकवण्यात घालवले: कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, गोळ्या कोणत्या वेळी, कोणतं वस्त्र कधी घालायचं. तो सगळं वहीत लिहून घेई आणि वही हरवे. फादरना सांगून तिने कुरकुरीची बंदीही उठवून घेतली. घर बघायचं तर असलं व्रत पाळता येत नाही, असं तिने स्पष्टच सांगितलं, आणि फादरनी फार काही न विचारता होकार दिला.

झावळ्यांच्या रविवारी ती टोपली घेऊन चर्चच्या दारात उभी होती. बाबा काठी टेकत आले, त्यांनी टोपलीत हात घातला आणि दोन क्रॉस उचलले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगा सदेह घरात बसलाय, त्याचा स्वतःचा क्रॉस त्याच्या हातात आहे, आणि तरी यांची हौस फिटत नाही! एवढं सगळं बोलून झाल्यावरसुद्धा! ती तोंड उघडणार होती, पण मागे रांग लागली होती. मग पवित्र आठवड्याच्या धांदलीत ते राहूनच गेलं. ईस्टरच्या पहाटे तिने वेदीवर पांढरं वस्त्र अंथरलं, नवी मोठी मेणबत्ती पेटवली, आणि मंगळवारी बॅग घेऊन ती निघाली. बाबा दारापर्यंतच आले. बस वळेपर्यंत ते तिथेच उभे होते, आणि ऊन डोक्यावर आलंय, यांना टोपी कोण देणार, या विचाराने तिला धड रडताही आलं नाही.

मठातलं तिचं वर्ष कसं गेलं ते तिला कळलंही नाही. अकरा मुली, त्यातल्या नऊ जणींना सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि आंधळ्या मदर बोटांनी टाके चाचपून चुका काढत. बोलायला, वैतागायला भरपूर होतं. सकाळी कोणी कुठे "ताई" म्हणून हाक मारली तर ती अजून दचकून बघे.

पुन्हा राखेचा बुधवार आला, त्याच्या आदल्या दिवशी धाकट्याचं पत्र आलं. ताईने ते शिवणवर्गात उभ्या उभ्याच फोडलं.

'ताई, साष्टांग नमस्कार. मला वेड लागायची पाळी आली आहे. दारोदार फिरलो, पण लोक क्रॉस देतच नाहीत. एकीने मला फ्रिज सरकवायला लावला, माझ्या पाठीनिशी. डबा अर्धासुद्धा भरला नाही. आईच्या तसबिरीमागे बाबांच्या क्रॉसखेरीज आणखी एक सापडला, तर बाबा काठी घेऊन अंगावर आले. त्याला हात लावायचा नाही म्हणतात. तू जायच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी घेतलेला आहे, गेल्या वर्षीचं साल घातलंय आणि खाली लिहिलंय, ठकीचा. ही ठकी कोण? विचारलं तर म्हणतात, ती तुझ्या जन्माच्या आधीची आहे, तुला नाही कळायचं. रोज सकाळी तसबीर काढून तो बघतात आणि परत ठेवतात. शेवटी मीही चिडलो. म्हटलं, बाबा, वर्षभर घंटा मी वाजवतो, गोळ्या मी देतो, तुमची बोलणी मी खातो. माझा क्रॉस कुठे आहे? तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसा काही मी वेडाच आहे, आणि म्हणाले, तुझा कशाला ठेवायचा? तू आहेसच की.'

ताईने पत्र खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, आणि त्यातली तेवढीच ओळ पुन्हा वाचली. अकरा मुली सुया हातात धरून बघत होत्या, कारण बाई हसत होत्या आणि बाईंच्या हनुवटीवरून पाणी समोरच्या जांभळ्या कापडावर पडत होतं.

"काय झालं, बाई?" एकीने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली आणि कापड झटकून बाजूला केलं. "आमच्याकडे राख कमी पडतेय. तुम्ही शिवा."